उरलेलं कुठे आहे?

तीस वर्षं शारजाच्या फेडरल कोर्टात न्याय देणारे जजसाहेब वारले, म्हणून काल दुखवट्याला गेलो. अरबी कॉफीतल्या वेलचीचा वास आला आणि त्यांच्यासमोरचा माझा पहिला महिना आठवला.

मी नवा दुभाषा होतो. फोरमनला मारलं म्हणून आमच्या खेडकडचा एक मजूर पिंजऱ्यात उभा होता. भाऊ परांचीवरून पडून मेला आणि फोरमन हसला, असं तो हुंदके देत कितीतरी वेळ सांगत होता. कोर्टाचा वेळ वाचावा म्हणून मी अरबीत एवढंच म्हणालो, "गुन्हा कबूल आहे, माफी मागतोय."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तो इतका वेळ बोलला. उरलेलं कुठे आहे?"

मग मी सगळं सांगितलं, त्या हसण्यासकट. त्यांनी एकेक वाक्य लिहून घेतलं. शिक्षा झालीच, पण जाताना तो मजूर त्यांना सलाम करून गेला.

तेव्हा वाटलं होतं, भर कोर्टात माझी इज्जत काढली. आज कळतं, त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच.

"वडील कोर्टात कसे होते?" त्यांच्या मुलाने विचारलं.

"फार चांगले," म्हणून मी उठू लागलो. मग पुन्हा खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.