रिकामे कॅन

आमच्या मराठी मंडळाला दुसऱ्याच्या दुःखाची फार हौस. भूकंप असो, पूर असो, रविवारी लंडनजवळच्या स्लाऊच्या कौन्सिल हॉलमध्ये सभा ठरलेली आणि सभेला बटाटेवडे ठरलेले. मंडळी बहुतेक डॉक्टर. भाषणं अशी ठोकायची, जणू साऱ्या जगाची नाडी यांच्याच हातात.

नव्वदच्या दशकात असाच एक दुष्काळ आमच्या वाट्याला आला. माझ्या वॉर्डातली एक नर्स पॅसिफिकमधल्या कुठल्याशा चिमुकल्या बेटावरची. तिची म्हातारी आई तिथे एकटी राहायची. कित्येक महिने पाऊस नव्हता, विहिरीचं पाणी खारट आणि घाण झालेलं. पंधरवड्यातून एकदा सरकारी बोट गोडं पाणी घेऊन यायची. ज्याच्याकडे जेवढी भांडी, तेवढं त्याचं पाणी. आईकडे स्वयंपाकाचं एक पातेलं होतं. ते चार दिवस पुरायचं. उरलेले दिवस ती विहिरीचं प्यायची.

नर्सने मागितलं काय, तर घडी होणारे प्लास्टिकचे कॅन, कॅम्पिंगच्या दुकानात मिळतात ते. "रिकामे हवेत, डॉक्टर," ती मला म्हणाली. "चपटे केले की सगळे दोन खोक्यांत बसतात. पुढच्या आठवड्यात एका मदतसंस्थेचं विमान जातंय. त्यात दोन खोक्यांपुरतीच जागा आहे."

माझी-तिची ओळख डब्यावरून झालेली. मी तिला एकदा चिवडा दिला होता, आणि डबा रिकामा परत आल्यावर मोठ्या तोऱ्यात सुनावलं होतं की आमच्यात असा रिकामा डबा परत करत नाहीत. तेव्हापासून तिच्याकडून डबा कधी रिकामा आला नाही. काहीच नसलं तर कॅन्टीनमधलं एखादं बिस्किट तरी असायचं.

सभेत आमचे अध्यक्ष, हाउन्सलोचे एक सर्जन, पाऊण तास त्यागावर बोलले. बेट नकाशावर कुठे आहे ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. कॅन मात्र भरपूर जमले. बायका घड्या घालायला बसल्या, आणि कुणीतरी म्हणालं, "अगं, रिकामं भांडं कसं पाठवायचं? मूठभर साखर तरी घालूया."

ते कुणीतरी म्हणजे मीच.

मग काय, मुठीवर थांबतंय कोण? एकीने साखर घातली की दुसरीने तांदूळ, तिसरीने पोहे. अध्यक्षांच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, डबेच्या डबे उघडून दुधाची पावडर ओतली. प्यायला पाणी नाही त्यांना दुधाची पावडर. वहिनींना कशाला हसू, हॉलभर पसरलेल्या त्या एम.डी. आणि एफ.आर.सी.एस.पैकी एकाच्याही टाळक्यात ते शिरलं नाही. दोन खोक्यांची अकरा झाली. फोटो झकास आले.

मदतसंस्थेचा माणूस म्हणाला, एवढं सामान विमानात मावणार नाही, जहाजाने जाईल. अध्यक्ष म्हणाले, "जाऊ दे की जहाजाने. पोचल्याशी कारण." मी नर्सला फोन करून सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "आतलं काढून टाकता येईल का?"

"आता सगळं पॅक झालंय गं," मी म्हटलं. खोटं नव्हतं. खोकी माझ्याच गॅरेजमध्ये पडली होती, विमानाला अजून तीन दिवस होते, आणि मला कंटाळा आला होता.

तिकडच्या बंदरात खाण्याचा माल म्हणून खोकी अडवली. तपासणी होईपर्यंत धान्याला कीड लागली आणि कॅनसकट सगळं जाळून टाकलं. हे मदतसंस्थेच्या ज्या पत्रातून कळलं, त्याच पत्रातून तिची आई गेल्याचंही कळलं. विहिरीचं पाणी, जुलाब, आणि जवळपास दवाखाना नाही. मंडळाने दोन मिनिटं उभं राहून शोक पाळला. नंतर वडे होतेच.

आठवड्याने ती कामावर आली. माझा एक डबा तिच्याकडे राहिला होता, तो तिने माझ्या टेबलावर ठेवला. "थँक्यू, डॉक्टर," म्हणाली आणि औषधांची ट्रॉली ढकलत वॉर्डात गेली.

डबा लख्ख घासलेला, पुसलेला होता. मी झाकण उघडलं. आत काही नव्हतं.