पुंचोकचे पॉपलर, यांगस्किटचे वाळुंज

ओढ्याकाठच्या ओल्या पट्टीत आमच्या भावकीतल्या प्रत्येक घराचा तुकडा आहे. सगळीकडे वाळुंजच होते. बुटके, वाकडे, दिसायला गबाळे. पण डोकी छाटली की वसंतात पुन्हा फुटायचे, आणि छाटलेल्या फांद्या वाळून सरपण व्हायच्या.

मुलगा झाला तशी भावकीतल्या पुंचोकने आपल्या तुकड्यातले वाळुंज मुळासकट उपटले आणि पॉपलर लावले. थंडी आणि ओल दोन्ही झाडं सारखीच सोसतात, पण पॉपलर सरळसोट वाढतो, छपराला तुळया देतो. त्या मुलाचं, जिग्मेतचं घर त्यावर उभं राहणार होतं. निम्मे तरी वाळुंज ठेव, असं त्याची बायको यांगस्किट म्हणत होती.

"छप्पर एकदाच घालायचं असतं, चूल रोज पेटवावी लागते."

"तुला चुलीपलीकडे काही दिसतं का?" म्हणून तो हसला.

पुढे तिने जन्मभर टोपली घेऊन चुलीसाठी शेण वेचलं. पॉपलरची फांदी तोडायची सोय नव्हती. जिग्मेतने लेहमध्ये सिमेंटचं घर बांधलं, त्याला तुळया नको होत्या. तरी पुंचोकने झाडं तोडली नाहीत. पोराचं मन बदलेल म्हणे. मूर्खपणा, दुसरं काय!

ऐन जानेवारीत पुंचोक गेला. दहनाचं लाकूड भावकीने आणायचं, ही रीतच आहे. घरोघरून वाळुंजाच्या मोळ्या आल्या. यांगस्किट मात्र हटून बसली. आमच्या घरचंही लाकूड लागलंच पाहिजे, म्हणाली. जिग्मेतने पॉपलर पाडला. हिरवा, आतून गोठलेला. ढलपी पेटवून पाहिली तर नुसता धूर.

मेमे इशे भावकीतले सर्वांत म्हातारे. ते हळूच म्हणाले, "पोरी, ओल्या लाकडावर माणूस अर्धा राहतो. जाऊ दे त्याला."

तो लोकांच्या वाळुंजावर गेला. ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

बर्फ वितळल्यावर जिग्मेतने सगळे पॉपलर तुळयांसाठी विकून टाकले. पाहते तर त्यांच्या खुंटांमध्ये यांगस्किट वाळुंजाच्या काठ्या रोवत होती. गाढवांनी साल खाऊ नये म्हणून प्रत्येक काठीला दूध पावडरचे गंजके डबे चढवलेले.

"आचे, या वयात हे कोणासाठी?" मी तिला थोरल्या बहिणीच्या जागी मानते, तरी जरा चिडूनच विचारलं.

"माझ्यासाठी. पहिली छाटणी होईपर्यंत जगले म्हणजे झालं. मला नाही जायचं उसन्या लाकडावर."

यंदा ती फार खोकते. फुटवे अजून बोटाएवढेच आहेत.