पाण्याशी संबंध: नाही

मी आंबवड्याची, भातखाचरांच्या गावची. म्हणजे भाताची लावणी कशी असते ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नाही. पोटरीभर चिखलात वाकून मीही लहानपणी पाठीचा काटा ढिला करून घेतलाय. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे स्वतःची बाजू घ्यायचा मोह मला होणारच.

पुण्यात कृत्रिम हातपाय बसवणाऱ्या एका केंद्रात मी बारा वर्षं आहे. हात बसवायचा आणि त्याचं बिलही करायचं, दोन्ही माझ्याकडे. विजेवर चालणारा हात असला की बिल लांबतं. पंजा वेगळा, फिरणारं मनगट वेगळं, बॅटरी वेगळी, स्नायूची हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या वेगळ्या. प्रत्येक भागापुढे तो या माणसाला का लागतो ते पटवून लिहावं लागतं. पटवून लिहिण्यात मी पटाईत.

वेल्ह्याकडच्या पासलीहून एक बाई आल्या. मळणी यंत्रात डावा हात कोपराखालून गेलेला, नवरा त्याआधीच वारलेला. त्यांच्याकडे लावणी सावडीनं होते. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या मी तुमच्या. डाव्या हातात रोपांची मूठ धरायची आणि उजव्यानं दोन-दोन काड्या रोवत मागं सरकायचं. डावा हातच नाही तर सावड फेडणार कशी? आणि फेडली नाही तर त्यांच्या खाचरात कोण येणार? बाईंना एवढंच हवं होतं, मूठ धरणारं काहीतरी. मी आंबवड्याची म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. आपलं माणूस भेटलं म्हणाल्या.

खरं तर त्यांना खांद्याच्या पट्ट्यानं ओढायचा साधा लोखंडी आकडा पुरला असता. चिखलात घाला, नळाखाली धुवा, काही होत नाही त्याला. पण त्या वर्षी एका कंपनीनं देणगी दिली होती, ती फक्त विजेच्या हातांसाठी. केंद्राचे साहेब म्हणाले, बसवून टाका. देणगीच्या अर्जात एक प्रश्न होता: रोजच्या कामात पाण्याशी, चिखलाशी संबंध येतो का? विजेच्या हाताला पाणी चालत नाही, म्हणून 'हो' लिहिलं की अर्ज परत येतो, हे मला माहीत होतं. मी 'नाही' लिहिलं. पासलीच्या शेतकरणीचा म्हणे चिखलाशी संबंध नाही! लिहिताना पेन जरासुद्धा अडखळलं नाही, मेलं.

बाई मात्र झपाट्यानं शिकल्या. चौथ्या खेपेला स्नायू आवळून प्लास्टिकचा ग्लास न चेपता उचलला आणि लाजून हसल्या. निघताना त्यांनी विचारलं, "चिखलात चालंल न्हवं?"

मी म्हटलं, "जरा जपून वापरा, मावशी."

जपून म्हणे! खोटंसुद्धा धड बोलले नाही मी.

पुढच्या आषाढात, कंपनीला दाखवायला हात वापरात असल्याचा फोटो घ्यायला मी पासलीला गेले. खाचरात बायका लावणी करत होत्या आणि आमच्या बाई बांधावर बसून एका हातानं रोपांच्या जुड्या पुढं देत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा उतरला. घरी नेऊन त्यांनी पेटीतून टॉवेलात गुंडाळलेला हात काढला. गेल्या लावणीला त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधून त्या चिखलात उतरल्या होत्या. दुपारपर्यंत हात बंद पडला. आम्ही भरपाई मागू या धास्तीनं वर्षभर कुणाला बोलल्या नव्हत्या.

"म्याच नासवला, बाई. तुमी एवढं चांगलं दिलं, मला अडाणीला वापरता आलं न्हाई," त्या म्हणाल्या. "साधा आकडा मिळंल का? मूठ धरण्यापुरता?"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी 'बघते' म्हटलं आणि वर त्यांच्या हातचा चहा प्यायले. परत येऊन कागद भरायला बसले. हात बंद पडण्याचं कारण खरं लिहिलं असतं तर माझं ते 'नाही' उघडं पडलं असतं. म्हणून लिहिलं, रुग्णाचा निष्काळजीपणा. असा शेरा पडलेल्या माणसाला आमच्याकडून पुन्हा काही मिळत नाही, हेही मला ठाऊक होतं. आकडा मी माझ्या पगारातून करून देऊ शकले असते. पण मग तो का दिला, हे कुणीतरी विचारलं असतं. लाज वाटते हे लिहायला, पण तेव्हा मला फक्त भीती वाटत होती.

दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, मग शिमग्यानंतर. दोन्ही वेळा मी 'बघते' म्हणाले. जेठात पुन्हा आला तेव्हा त्यांनी विचारायच्या आधी मीच सुरू केलं, की बघतेय मावशी, विसरले नाहीये.

"ऱ्हाऊ द्या आता," त्या म्हणाल्या. "औंदा सावडीतनं आमचं घर काढलं. त्यांचं तरी काय चुकलं? खाचर वाट्यानं दिलं म्या. तुमी लई केलं आमच्यासाठी. मनाला लावून घेऊ नका."

मी म्हटलं, "बरं."