लाल आकड्यांची भूक

अकरा वाजले होते आणि कॅल्क्युलेटरवरचे लाल आकडे मंद होत चालले होते. मोहगावजवळ कालव्याच्या लेव्हल घेणं सुरू होतं. लेव्हल घेणं म्हणजे जमिनीचा चढउतार मोजणं. प्रत्येक रीडिंगमागे बेरीज-वजाबाकी असते, आणि ती चुकली तर पाणी पुढे सरकत नाही. उन्हात लाल आकडे दिसत नसत, म्हणून मी डोक्यावर दुपट्टा घेऊन आत वाकून बघत होतो.

"साहेब, वाफ घेऊन राहिले का?" मोजणीची साखळी धरणारे आमचे चेनमॅन श्रावणजी म्हणाले.

"सेल संपले हो! सकाळीच नवे टाकले होते."

श्रावणजींनी सेल काढून तापलेल्या दगडावर ठेवले. टॉर्चचे सेल आपल्याकडे असेच जिवंत करतात. दहा मिनिटं चालले, मग पुन्हा गेले. आणि आदल्याच दिवशी मी सही करून लिहून दिलं होतं की या मशीनला सेलचा एक जोड तीन दिवस पुरतो.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात होती. मी सिंचन विभागात सब-इंजिनिअर, प्रोबेशनवर. सगळ्या सेक्शनसाठी कॅल्क्युलेटर घ्यायचे होते. दोन नमुने आले होते. एक लाल दिव्यांच्या आकड्यांचा, पेन्सिल सेलवर चालणारा. ते सेल कुठल्याही किराणा दुकानात मिळत. दुसरा एलसीडी, काळ्या आकड्यांचा. त्याचे बटण सेल थेट नागपूरहून आणावे लागत. पांढुर्ण्याच्या आमच्या एसडीओ साहेबांनी, म्हणजे उपविभागाच्या अधिकाऱ्यांनी, तपासणी माझ्यावर सोपवली. मी दोन्ही मशीन टेबलावर सुरू करून ठेवली. ऑफिस उघडलं की चालू, बंद झालं की बंद. लाल मशीन तीन दिवस टिकलं. रोज नवे सेल लागणार नसतील, तर गावोगावी मिळणारे सेलच सोयीचे, असा मी निष्कर्ष काढला. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

ती फाईल दुसऱ्या दिवशी सकाळच्या डाकेने छिंदवाड्याच्या जिल्हा ऑफिसात जाणार होती. ती गेली असती तर अख्खा मोसम सगळे सर्व्हेवाले दुपारनंतर हात चोळत बसले असते, आणि कागदावर सही माझी.

दोन्ही नमुने त्या दिवशी सोबतच होते; ते पिशवीत टाकून मी बसने सौंसर गाठलं. स्टँडजवळ वासनिकभाऊंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी सगळं सांगितलं. ते जेवायला उठले होते. डबा बाजूला सारून पुन्हा बसले.

"टेबलावर ठेवली तवा आकडा कोणता होता?"

"आकडा कसला? शून्य. नुसती चालू होती."

त्यांनी लाल मशीन उघडलं. नवे सेल टाकून मधे करंट मोजायचा मीटर जोडला. शून्य असताना सुई थोडी हलली. मग त्यांनी आठ वेळा आठ दाबलं. सुई जवळजवळ चौपट वर गेली.

"पाहा साहेब. एकेक आकडा सात रेघांचा हाय. एक लिहिला तं दोन रेघा पेटते, आठ लिहिला तं साती. तुमी एकच शून्य पेटवून ठेवलं. शेतात तं पाटीभर आकडे पेटते."

मग त्यांनी एलसीडी जोडला. सुई हललीच नाही. मला वाटलं तार निघाली. त्यांनी मीटर सगळ्यात बारीक मापावर आणला, तेव्हा कुठे ती किंचित थरथरली. या आकड्यांना स्वतःचा उजेड नसतो, ते नुसते काळे पडतात. त्यामुळे खर्च जवळपास नाहीच.

"अन् बटण सेल?"

"मी पार्ट आणाले नागपूरले जातच असतो. घेऊन येईन तुमचेबी. जा तुमी, पाच वाजता ऑफिस सुटते, त्याच्या आंदी गाठा."

पांढुर्ण्याला पोहोचलो तेव्हा साहेब उठायच्या बेतात होते.

"काल सही केली, आज पलटून राहिले?"

"काल चुकलो होतो, साहेब."

"प्रोबेशनवर आहात तुम्ही, माहीत आहे ना?"

"आहे, साहेब."

"कोणी सांगितलं हे?"

"सौंसरचे रेडिओ मेकॅनिक आहेत, वासनिक."

साहेबांनी बाबूकडून डाकेतली फाईल परत मागवली. "इथेच बसून नवीन लिहा. चूक कशी झाली तेही लिहा. म्हणजे दुसरा कोणी ती करणार नाही."

मी लिहिलं, वासनिकभाऊंच्या नावासकट. त्या दोन माणसांचे उपकार मी आजही मानतो. एकाने जेवण सोडून चूक दाखवली, दुसऱ्याने ती दुरुस्त करायला जागा दिली.

एलसीडी आले, सोबत सेलचा एकेक जादा जोड. पहिला जोड मोसमभर पुरला. जादा जोड बहुतेकांनी हरवले. त्यानंतर मी कोणतंही यंत्र रिकामं बसवून तपासलं नाही. कामाला जुंपायचं, मगच त्याची भूक कळते.

मी कायम झालो. साहेबांनी माझ्या शेऱ्यात लिहिलं, ‘सूक्ष्म निरीक्षण’. वासनिकभाऊंचं नाव मात्र माझा अहवाल टाईप होताना गळालं, तिथे ‘एक स्थानिक मेकॅनिक’ एवढंच राहिलं. मी ओशाळून ते त्यांना सांगायला गेलो. ते एका रेडिओत डोकं घालून बसले होते.

"नाव जाऊ द्या," ते म्हणाले, "शेतात दिवसभर चालून राहिली ना मशीन?"