उठलो ते चुकलं, बसलो ते लईच चुकलं

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगाय लागलो की मधी कुणी दात काढलेलं मला खपत न्हाय. असा घोळ घातलाय मी, की ज्याचं नाव ते!

आमच्या स्नेहलचं कॅम्प भागातल्या मंजुनाथवर मन बसलं. पोरगं कन्नड, आम्ही मराठी. माझी काय हरकत न्हवती. पण त्याचे वडील हेडमास्तर, शिस्तीला लई कडक. ते रिटायर झाले, त्यांचा सत्कार ठेवला आणि आम्हाला बोलावणं आलं. म्हणजे सत्कार त्यांचा, परीक्षा माझी!

निघताना बायको म्हणाली, "अवो, सुरुवातीला नाडगीत लागतंय, हितल्या राज्याचं कन्नड गीत. ताठ उभं ऱ्हायचं. बसून ऱ्हायलासा तर म्हणतील, भांडायलाच आलाय माणूस. पोरीचं लग्न मोडंल!"

"आप्पा, पाया पडते, घोळ घालू नका," स्नेहल रडकुंडीला आलती.

आता माझी शाळा झाली सीमेपलीकडं गडहिंग्लजला, मराठीत. त्यात उद्यमबागेत लोखंड ओतायच्या फौंड्रीत काम करून कान अर्धे गेलेले. मला त्या गीताची चाल काय ठाऊक? पण "कळतंय की मला!" म्हणून दामटून निघालो.

हॉलात आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. शेजारी मंजुनाथचे आजोबा. एवढ्यात स्पीकरमधनं संथ बासरी सुरू झाली. मी ताडकन उभा!

पुढचा पाव्हणा उठला म्हटल्यावर मागं कोण बसतंय? आख्खा हॉल उठला. स्टेजवरचे हेडमास्तरबी उठले.

आणि ड्रम वाजला. धडाड धूम!

अवो, ते रॉक गाणं होतं! वर्षभर रिक्षात, वरातीत, जिममध्ये वाजतंय ते! दुकानाच्या पाटीच्या भाषेवरनं भांडणारी मराठी-कन्नड पोरं ज्याच्यावर गळ्यात गळा घालून उड्या मारत्यात, ते! मंजुनाथचे मित्र स्पीकर तपासत होते. मला नुसतं धडाड धूम माहीत. सुरुवातीला बासरी हाय, हे कुणी सांगितलं मला?

आता बसावं तर कसं? सगळे माझ्याकडं बघतेत. पोरांना वाटलं, लोकांना लईच आवडलं. त्यांनी आख्खं गाणं वाजवलं! मागं पोरं नाचतेत आणि पुढं मी पुतळ्यागत उभा. स्नेहलनं तोंड ओढणीत घातलेलं.

बसल्यावर मनात म्हटलं, आता कायबी वाजू दे, परत फसायचं न्हाय.

थोड्या वेळानं परत गाणं. परत सगळे उभे! मला वाटलं, माझी चेष्टा कराय लागलेत. मी पाय पसरून बसलो. बायको डोळे वटारतीय, मी मान हलवतोय. शेजारी आजोबा काठी टेकून थरथरत उठत होते. मला त्यांची दया आली. हात धरून खाली बसवलं. "बसा वो अज्जा, कशाला तरास? पोरांचं गाणं हाय नुसतं!"

आजोबा परत उठले. मी परत बसवलं.

मग स्टेजवर नजर गेली. हेडमास्तर हात सोडून ताठ उभे, डोळे माझ्यावर रोखलेले. कुणीच नाचत न्हवतं. हेच ते नाडगीत! धडपडत उठलो, तंवर गीत संपलं. सगळे बसले आणि मी एकटा उभा!

कार्यक्रम संपल्यावर हेडमास्तर सरळ माझ्यापाशी आले. स्नेहल आईच्या मागं रडत होती. मी हात जोडले. "सर, मला गाण्यातलं काय कळत न्हाय वो. राग माझ्यावर काढा, पोरीवर नको."

तंवर आजोबाच कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले, तसं हेडमास्तरांना हसू फुटलं.

"आमचे वडील म्हणतात, पोरगी करून घ्या. पण मांडवात ह्या माणसाला माझ्या शेजारी बसवू नका."

लग्न झालं. आता कुठल्याबी कार्यक्रमात व्याही स्वतः माझ्या शेजारी बसत्यात. बायकोची ताकीद हाय, ते उठले की उठायचं, ते बसले की बसायचं, स्वतःचं डोकं चालवायचं न्हाय.

परवा नातवाच्या बारशात ते मधीच उठले. मीबी ताडकन उठलो आणि ताठ मानेनं त्यांच्या मागोमाग चाललो. दारापाशी व्याही वळले.

"पाव्हणं, हितं मी एकटाच जातो. बाथरूम हाय."