न आवळलेल्या नटावरचं कुंकू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून आमच्या घरात सहसा काही लपत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जीभ वळतेय. हाही एक भित्रेपणाच, नाही का? असू द्या. बोलायला तर बसलोय.

मालेगावहून — नाशिककडचं नव्हे, आमचं वाशिमचं — शिरपूर जैनकडे निघालात की उजव्या हाताला माझं अलाइनमेंटचं दुकान लागतं. गाडी एका अंगाला ओढते, टायर एकीकडूनच झिजतं, अशी माणसं माझ्याकडे येतात. माझ्या हातून गेलेली गाडी सुतासारखी सरळ चालते, असं लोक सांगतात. तोंडावर कुणी म्हटलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो. लोकांना तो विनय वाटतो.

विनय! काय सांगू तुम्हाला.

अभय माझा शाळेपासूनचा मित्र. शिरपूरचा, त्याच्या वडिलांचं तिथे हार्डवेअरचं दुकान आहे. त्याला गाडी पळवायचं वेड, मला गाडी बसवायचं. आम्ही दोघांनी मिळून एक जुनी छोटी गाडी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी तयार केली. मागची सीट काढली, कडक स्प्रिंगा टाकल्या. पुढची चाकं वरच्या बाजूनं किंचित आत झुकवली, म्हणजे वळणावर रबर जमीन सोडत नाही. या कामात मी मशीनवर विसंबत नसे. चाकांची रेघ पाहायला गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणायचो आणि ड्रायव्हरच्या जागी अभयच्या वजनाचं सोयाबीनचं पोतं बसवायचो. "माह्यापेक्षा पोतंच बरं," अभय म्हणायचा, "हालत तं नाही."

त्याच्या वडिलांना हे सगळं थेर वाटायचं. पण एकदा ते नमले. म्हणाले, "एक डाव जाय. नीट चालवून आला तं मी पुढं शब्द बोलणार नाही. नाहीतं गुपचूप गल्ल्यावर बसायचं." तेव्हा अभयची पोर कडेवर होती. एकच शर्यत, आणि तिच्यावर त्याचं सगळं पुढचं.

आता ते नटाचं सांगतो. सांगायलाच हवं.

चाकाचा कोन बसवताना टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणारी सळई, फिरवतात, आणि कोन जमला की त्यावरचा चेकनट आवळून टाकतात. तो सैल राहिला तर धक्क्यांनी रॉड हळूहळू फिरतो आणि चाक आपली दिशा सोडतं. माझी एक पद्धत होती — नट आवळला की त्यावर कुंकवाचं बोट लावायचं. दुसरे पेंट लावतात, मी कुंकू. खूणही होते आणि देवाचं नावही. कुंकू दिसलं की त्या नटाकडे पुन्हा बघायचं नाही.

खंडेनवमीचा दिवस होता. उजवा नट आवळून झाला होता, डावा राहिला होता, आणि आई ताट घेऊन दारात. पाने, हातोड्या, जॅक, सगळं पूजेला हवं होतं. एकदा पूजेला बसलेलं हत्यार आमच्याकडे दुसऱ्या दिवसापर्यंत उचलत नाहीत. "झालं का नाही रे तुह्यं?" ती ओरडली. मी म्हटलं, झालं. पाना तिच्या ताटात ठेवला आणि डाव्या नटालाही बोट लावून टाकलं. सकाळी आवळू — असं मनात म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

सकाळी गाडीखाली वाकलो. दोन्हीकडे कुंकू. झालं, निघालो.

इथवर चूक म्हणा. चूक कुणाच्याही हातून होते. पण चुकीसाठी मी इतकी वर्षं मूग गिळून बसलो असतो का?

अकोल्याच्या बाजूला एका माळावर शर्यत होती. सरावाच्या फेरीनंतर अभय माझ्याकडे आला. "स्टेरिंग जरासं डाव्या अंगाले जाऊन राह्यलं. पाहतं का खाली?" चार माणसं उभी होती. त्यांच्यादेखत माझ्या कामात खोट काढतो? मी हसलो. म्हटलं, "ट्रॅकची सेटिंग अशीच असते. तू फक्त चालव." मी वाकलोही नाही. आणि त्यानं ऐकलं — कारण मी सांगितलं होतं.

शेवटच्या वळणाआधी त्यानं ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे मातीच्या बांधावर चढून आडवी झाली. त्याचा उजवा हात मोडला. लोक त्याच्याकडे धावले. मी गाडीकडे धावलो. नट बोटानं फिरत होता. ग्रीसमुळे कुंकू तसंच ओलसर लाल.

पाना माझ्या खिशात होता. मी तो नट आवळला.

माझा मित्र तिकडे धुळीत कण्हत होता, आणि मी नट आवळत होतो. हे कुठल्या शब्दात सांगू? हात थरथरत नव्हते. अगदी पक्का आवळला.

दवाखान्यात अभय एकच सांगत होता, "गाडी ओढली रे. मी कायले खोटं बोलू?" त्याचे वडील माझ्याकडे वळले. "तू सांग बाबू. गाडीत काई होतं का?" मी म्हणालो, "नाही काकाजी. गाडी चोख होती. तो घाबरला." घाबरला — हा शब्द त्यांनी विचारलाही नव्हता. तो माझाच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी स्वतःच्या तोंडानं दिली.

अभयनं माझ्याकडे पाहिलं. भांडला नाही. त्यानं माझं खरं मानलं, ते जास्त वाईट. हात जुळला, पण तो गल्ल्यावर बसला तो बसलाच. चारचाकी चालवत नाही. मोटारसायकलवरसुद्धा वळण आलं की पाय खाली टेकवतो, हे मी पाहिलंय. आणि दुकानाची गाडी अलाइनमेंटला अजून माझ्याकडेच पाठवतो.

गेल्या महिन्यात तो मुलीला घेऊन आला. कॉलेजात जाते आता. "हिले गाडी तूच शिकव," म्हणाला. "माह्या हाताचा भरवसा नाही, तुले तं माईतच आहे."

मला माहीतच आहे.

पोरगी हुशार. जऊळक्याच्या रिकाम्या रस्त्यावर तिनं पहिल्यांदा ब्रेक दाबला — हलका, मोजून, बापासारखा. मग रस्त्यावरची नजर काढून तिनं विचारलं, "काका, पप्पा तवा खरंच घाबरले होते काय?"

मी म्हणालो, "समोर पाह्य बेटा."

ती समोर पाहू लागली.

अभय घाबरला नव्हता. गाडी ओढतच होती. नट मी सैल ठेवला होता, आणि मीच तो नंतर आवळला.