झुंबरबाईंची चिमूट

रोज सकाळी स्वयंपाकघरात आल्या आल्या झुंबरबाई पदराला हात पुसायच्या, पाप्रिकाचा डबा उघडायच्या, चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि मान हलवायच्या. मगच गॅस पेटायचा.

लोणावळ्याजवळच्या त्या निसर्गोपचार केंद्रात दूध, तूप, दही काहीच चालत नसे. काजूचं दूध, शेंगदाण्याचं दही. जेवणाला तिखटपणा नको, पण रंग हवा, म्हणून पाप्रिका. कामशेतपलीकडच्या गावातून येणाऱ्या झुंबरबाईंनी ती पहिल्यांदा चाखली तेव्हा म्हणाल्या होत्या, "मिरचीची भैन दिसती. पर राग न्हाई हिला."

त्याच दिवशी त्यांनी ती धुरावलेल्या तेलात टाकली, घरी फोडणीत तिखट टाकावं तशी. ती क्षणात काळी पडली आणि राजम्याचं अख्खं पातेलं कडू झालं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली रीत लावली. कढई खाली उतरवायची, कांद्याची चुरचुर थांबू द्यायची, मग पाप्रिका, आणि लगेच वर टोमॅटो. नऊ वर्षं त्या रीतीला कुणी हात लावला नाही.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाच्या आजारावर पुण्यात उपचार झाले. डोक्याला रुमाल बांधून त्या पुन्हा कामावर आल्या. चिमूट तशीच, मानही तशीच. पण स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या तळेगावच्या कौमुदीला काहीतरी खटकत होतं. मान आता फार लवकर हलायची. एकदा जुना, वास उडालेला डबा पुढ्यात आला, तरी हललीच.

पातेली कधी खारट, कधी अळणी होऊ लागली. कौमुदी मागून गुपचूप सावरत राहिली. तरी दोनदा पातेलं जेवणघरातून परत आलं, आणि शेवटी ऑफिसातून निरोप आला: नवा आचारी बघा, मावशींना भाजी निवडायला बसवा.

दुपारी ओटा पुसताना कौमुदी म्हणाली, "मावशी, चव कळत नाही ना?"

झुंबरबाईंनी पाप्रिकाच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं. "तुला कवा कळलं?"

"दिवाळीत."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"सांगून काय करू? निवडायला बसू? ताई, मला हितंच उभी ऱ्हाऊ दे. जीभ गेली, पर डोळं हायेत, कान हायेत."

कौमुदीनं ऑफिसात जाऊन सांगितलं, चाखायचं काम माझं. त्यानंतर झुंबरबाई तेलाचा आवाज ऐकायच्या, रंग बघायच्या, कढई उतरवायच्या. कौमुदी चमचा तोंडात घालायची आणि बोलायची. तीन महिने असे गेले. पातेलं एकदाही परत आलं नाही. पण मीठ झुंबरबाईच घालायच्या. कौमुदीनं किती ते सांगायचं, हात त्यांचाच. त्यात त्यांनी वाटणी केली नाही.

मार्चमधल्या एका बुधवारी त्या आल्या नाहीत. त्यांच्या मुलाचा, प्रज्ञेशचा, फोन आला. पहाटे झोपेतच गेल्या होत्या. कौमुदी त्यांच्या गावी गेली, बुद्धवंदना झाली, ती गर्दीत मागे उभी राहिली.

परतताना तिला मंगळवार आठवत राहिला. संध्याकाळचं चवळीचं पातेलं तयार होतं. झुंबरबाई स्टुलावर टेकल्या होत्या, पाय दुखतात म्हणत होत्या.

"कसं झालंय गं?"

"छान. मीठ थोडं कमी आहे, मावशी. चमचाभर घालता?"

"मंग तूच घाल की. मला काय इचारतीस?"